जागेवरचे आणि पिशवीतले

माझ्या बाबांची नोकरी फिरतीची होती. महिन्यातले दहा-बारा दिवस ते सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात असत आणि उरलेले दिवस सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत. ते परत यायच्या दिवशी आम्ही भावंडे पहाटेच जागी होत असू. बाबांच्या ओढीने, असे लिहिले तर शोभून दिसेल. पण खरी ओढ त्यांच्या खांद्यावरच्या खाकी पिशवीची होती. तिच्या तळाशी, धुवायच्या कपड्यांच्याही खाली, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेला एक पुडा असे. साताऱ्याहून आले असतील तर कंदी पेढे, बेळगावहून आले असतील तर कुंदा आणि वाट वाकडी करून नरसोबाच्या वाडीला दर्शन घेऊन आले असतील तर कवठाची बर्फी. आई पुडा न सोडताच देवापुढे ठेवी. बाबांचा चहा होईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही असा दंडक होता, आणि त्या दिवशी त्या चहाला जेवढा वेळ लागे तेवढा एरवी कधीच लागत नसे.

पेढा हातावर पडला की बाबा सांगायला लागत. कोल्हापुरात सकाळी सात वाजता कोणत्या बोळात मिसळ खाल्ली, कट कसा तांबडालाल होता आणि पहिल्याच घासाला कपाळावर घाम कसा आला. वाडीला बासुंदी घेतली तेव्हा पेल्याच्या काठाला सायीची कशी जाड रेघ राहिली होती. आम्ही पेढा पुरवून पुरवून खात ते ऐकत असू, आणि ऐकता ऐकता हातातला पेढा फिका पडत जाई. "मग ती बासुंदी का नाही आणली?" असे धाकटा भाऊ हमखास विचारी. "अरे, ती जागेवरची. ती तिथंच खायची असते," हे बाबांचे ठरलेले उत्तर.

बाबांच्या लेखी जगातल्या सगळ्या बाहेरच्या खाण्याचे दोनच भाग होते, जागेवरचे आणि पिशवीतले. लहानपणी मला ही वाटणी निव्वळ लबाडी वाटे. ताजे, गरम, झणझणीत ते स्वतः खाऊन यायचे आणि टिकाऊ ते घरच्यांच्या पदरात टाकायचे, असा तिचा सरळ अर्थ मी लावला होता. पुढे मी स्वतः फिरू लागले, पिशव्या भरू लागले, एक-दोनदा चांगली फजिती करून घेतली, तेव्हा कुठे कळले की ही वाटणी पाण्याने केलेली असते आणि बाबांचा त्यात काहीच हात नव्हता.

पदार्थात मोकळे पाणी जितके जास्त, तितका तो लवकर आंबतो किंवा विटतो, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. बासुंदी आटवलेली असली तरी शेवटी दूधच. तिला उन्हाळ्यातली एसटी मानवणार नाही. तेच दूध आणखी आटवून त्याचा खवा केला, तो साखरेबरोबर परतला, की बरेचसे पाणी उडून जाते आणि उरलेल्याला साखर धरून ठेवते. कंदी पेढ्याचा खवा तर तांबूस रंग येईपर्यंत भाजतात. साताऱ्याचा पेढा खरपूस लागतो तो या भाजण्यामुळे, आणि सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेरचे अंतर धुवायच्या कपड्यांखाली दडपून येऊनही तो पुण्यात शाबूत उतरतो तोही या भाजण्यामुळेच. चवीसाठी भाजायला सुरुवात झाली की टिकावे म्हणून, हे आता कोण सांगणार. कढई एकच होती एवढे खरे. आग्र्याच्या पेठ्याचे मला याहून नवल वाटते. कोहळ्यासारखे, नुसते पाणीच पाणी असलेले फळ घ्यायचे, त्याचे तुकडे चुन्याच्या निवळीत ठेवून घट्ट करायचे आणि मग पाकात शिजवून त्यातल्या पाण्याची जागा साखरेला द्यायची, हे ज्याला सुचले त्याला मी मानते. पेठा मला स्वतःला मुळीच आवडत नाही, तरीही.

पुणेकराला ही वाटणी समजून घ्यायला आग्र्यापर्यंत जावे लागत नाही; मुंबईहून येणारी गाडी पुरते. भोर घाटातून रेल्वे सुरू झाली 1863 साली, आणि त्या घाटातला चढ काही ठिकाणी सदतीस फुटांमागे एक फूट इतका आहे. एकट्या इंजिनाला तो झेपत नाही, म्हणून घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिने लावतात. ती जोडायला गाडी जी काही मिनिटे थांबते त्या मिनिटांवर कर्जतचा वडा उभा राहिलेला आहे. दिवाडकरांच्या वड्याचे ताट खिडकीशी आले, पैसे बाहेर गेले, कागदात गुंडाळलेला वडापाव आत आला, कागदावर तेलाचा डाग पसरत पसरत बोटांपर्यंत पोहोचला, की मागून एक धक्का बसतो आणि गाडी निघते. तो वडा पळसदरी मागे पडायच्या आत संपवावा. खंडाळ्याच्या बोगद्यांपर्यंत राखून ठेवला तर आतल्या भाजीची वाफ वरच्या बेसनात मुरते, कुरकुरीतपणा जातो आणि हातात राहतो तो नुसता बटाटा. घरी नेऊन तव्यावर गरम करणाऱ्यांविषयी मी काही बोलत नाही.

घाट संपला की लोणावळा, आणि लोणावळ्याला चिक्की. कढईतल्या गुळाच्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकला आणि तो चिमटीत धरल्यावर कटकन मोडला, की चिक्कीचा पाक झाला. म्हणजे गुळातले जवळजवळ सगळे पाणी गेले. आता तिला आतून धोका नाही, जो आहे तो बाहेरच्या हवेचा. उघडी राहिली की सादळते, तुकडे एकमेकांना चिकटतात आणि दाताला लोंबतात. ज्या गावात पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपडे चार दिवस वाळत नाहीत आणि काड्यापेटीतली काडी ओढून ओढून पेटत नाही, त्या गावाने अशा कडकडीत कोरड्या पदार्थावर नाव कमवावे ही मला लोणावळ्याची सर्वात मोठी गंमत वाटते. घाटाच्या पायथ्याला जागेवरचे आणि माथ्यावर पिशवीतले, अशी ही सोय होती. 2023 च्या फेब्रुवारीत सुरू झालेली मुंबई–सोलापूर वंदे भारत मात्र बँकरशिवायच घाट चढते आणि कर्जतला थांबत नाही. मी एकदा तिने आले. गाडी उत्तम आहे, वेळेवर पोहोचली. कर्जतचा फलाट खिडकीतून मागे पळाला तेव्हा डब्यातल्या निदान पाच-सहा जणांनी मान वळवून पाहिले, हे मी मोजले आहे.

आमच्या गावाचे काय, असे विचाराल तर पुण्याने पिशवीतल्याच्या बाबतीत मोठा व्यवहारीपणा दाखवला आहे. बाकरवडी मूळची गुजरातची. तिकडची ती थोडी नरम असते आणि लवकर संपवावी लागते. 1950 पासून पुण्यात दुकान असलेल्या चितळे बंधूंनी तिला असे काही कडक केले की ती अमेरिकेपर्यंत गेली. आतल्या सारणात सुके खोबरे, तीळ, खसखस, धने, सगळे कोरडेच. गोड-आंबटपणा असतो, पण ओल नाही. कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीच्या बिस्किटाला तर नावच इंग्लंडमधल्या श्रूजबेरी गावाचे, करणारे इराणी, आणि तरीही पाहुण्याच्या हातात तो डबा दिला की त्याला पुण्याची भेट मिळाल्याचे समाधान होते. बाहेरून आलेल्याला कडक करून पुन्हा बाहेर पाठवावे, यात पुणेरी स्वभाव दिसतो असे माझा भाऊ म्हणतो. तो आता ठाण्याला राहतो, त्याला असे बोलण्याची मुभा आहे.

पण पुण्याचे जे जागेवरचे, ते जागेवरून हलायला तयार नसते. नारायण पेठेत बेडेकरांकडे मिसळ घ्यावी. गोडसर तिखट रस्सा, त्यात पोहे, बटाट्याची भाजी, शेव, चिवडा अशी सगळी घसरगुंडी, सोबत पावाऐवजी ब्रेडची स्लाइस, आणि रस्सा संपत आला की "सँपल" म्हणून नुसती हाक. सँपल हा शब्द मिसळीच्या रश्श्याला कोणी आणि का चिकटवला याचा विचार खाताना कोणी करत नाही. मिसळीचा सगळा जीव एका अडीच-तीन मिनिटांच्या अवकाशात असतो: रस्सा ओतल्यापासून शेव पूर्ण भिजेपर्यंत. अर्धी शेव भिजलेली आणि अर्धी कुरकुरीत असताना पहिले चार घास गेले पाहिजेत. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी आळस केला आणि फोनवरून मिसळ घरी मागवली. उपाहारगृहाचे नाव घेत नाही, कारण दोष त्यांच्यापेक्षा माझाच अधिक. तीन प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, रबरबँडने आवळलेल्या. एकीत उसळ, एकीत फरसाण, एकीत रस्सा. रश्श्याच्या पिशवीची गाठ सुटेना म्हणून कात्री लावली, तर तर्री ओट्यावर आणि पाणी वाटीत. उरलेले गरम केले, वर फरसाण घातले, खाल्लेही. पोट भरले. पण शेजारच्या टेबलावरचा अनोळखी माणूस नाक ओढत "अजून एक सँपल" म्हणतो आणि ते ऐकून आपलीही मान वेटरकडे वळते, ती गोष्ट चौथ्या पिशवीत घालून कोणी पाठवली नव्हती.

सिंहगडावरची खेकडा भजी आणि मटक्यातले दही यांच्याविषयी प्रत्येक पुणेकराने लिहिलेलेच आहे, म्हणून मी ते सोडून देते. एवढेच सांगते, की मटक्यातले दही एकदा मी मटक्यासकट खाली आणले होते. घरी ते दहीच होते.

जागेवरचे म्हणजे काय याचा खरा धडा मला इंदुरात मिळाला. माझी एक मावशी लग्न होऊन तिकडे गेली आणि पन्नास वर्षांत तिची मराठी इंदुरी झाली. होळकरांच्या त्या गावात अशी मराठी बोलणारी घरे पिढ्यानपिढ्या आहेत. डिसेंबरातल्या एका रात्री साडेनऊ वाजता, जेव्हा पुण्यात आम्ही दूध विरजण लावून दिवे मालवतो, तेव्हा मावशी साडी बदलून तयार झाली आणि म्हणाली, "चल, सराफ्यात जाऊन येऊ. आणि तो स्वेटर काढून ठेव, शाल घे. खाताना हात मोकळे पाहिजेत." सराफा बाजार दिवसा सोन्याचांदीचा. रात्री सराफांच्या दुकानांची शटर खाली आली की त्याच पायऱ्यांसमोर कढया मांडल्या जातात आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. ही वर्दळ म्हणजे सराफांना रात्रीची फुकटची राखण, असे तिथले लोक सांगतात.

गर्दीतून मावशी अशी चालत होती की जणू मंडईत कोथिंबीर घ्यायला निघाली आहे. आधी भुट्ट्याचा कीस, म्हणजे कोवळे कणीस किसून दुधात आणि तुपात शिजवलेले. मग हाताच्या पंजाएवढा जलेबा, जो एकटीने संपवणे अशक्य. आणि मग ती एका कढईसमोर थांबली. गराडू. हा कंद फक्त थंडीत मिळतो. गाडीवाल्याने आधी एकदा तळून ठेवलेल्या फोडी पुन्हा तेलात सोडल्या, झाऱ्याने दोनदा दाबल्या, बाहेर काढून तराजूत तोलल्या, वर जिरावण नावाचा मसाला मुठीने भुरभुरवला आणि अर्धे लिंबू असे पिळले की थेंब तापलेल्या फोडींवर पडून चुर्र आवाज झाला. बाहेरून कडक आणि आतून रताळ्याहून मऊ असा तो तुकडा जिभेवर धरवत नव्हता आणि थुंकवतही नव्हता. तोंड उघडे ठेवून आम्ही दोघी, मावशी सत्तरीची आणि मी पन्नाशीची, वाफ सोडत उभ्या राहिलो. तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. "गरम आहे," ती म्हणाली, आणि लगेच दुसरा तुकडा उचलला.

सकाळी नाश्त्याला पोहे आले आणि त्याच बशीत जिलबी. जिलबी ही लग्नाच्या पंगतीत, मठ्ठ्याबरोबर, दुपारी बारा ते दोन या वेळात खायची वस्तू आहे असे मानणाऱ्या गावातून मी गेले होते. मावशीने माझा चेहरा पाहिला आणि काही न बोलता पोह्यांवर जिरावण घालून बशी पुढे सरकवली. तिकडचे पोहे पाण्याच्या वाफेवर ऊन ठेवतात, त्यात बडीशेप असते, वर शेव, आणि खोबऱ्याचा पत्ता नसतो. पहिला घास तिखट-आंबट, दुसरा तुपकट गोड, तिसरा पुन्हा तिखट, असे चार फेरे झाल्यावर मी जिलबीच्या मुहूर्ताचा आग्रह सोडला. जी मुळात अरबांच्या 'झलाबिया'ची नातलग म्हणून इतक्या लांबून चालत आली, तिच्या पंगतीचे नियम सदाशिव पेठेने ठरवायचे कारणही नव्हते.

परतताना अर्थातच पिशवी भरली. जिरावणाची दोन पाकिटे घेतली, कारण मसाला कोरडा, तो टिकणार. टिकलाही. घरी रविवारी पोहे केले, ओले खोबरे, कोथिंबीर, लिंबू सगळे आपल्या पद्धतीने, आणि वर हौसेने जिरावण. सगळ्यांनी निमूटपणे खाल्ले. आमच्या घरात निमूटपणे खाणे हा सर्वात कडक अभिप्राय असतो. दुसरे पाकीट अजून डब्यात आहे. पिशवीतून मसाला आला, पण मसाल्याला हवी असलेली थंडी, ती बशी आणि रात्री दोन वाजता झोपून सातला उठलेले पोट मागेच राहिले.

बनारसचा मलइयो तर याहूनही पुढचा. थंडीच्या दिवसांत दूध उकळून रात्रभर उघड्या आभाळाखाली दव पडायला ठेवतात, पहाटे ते घुसळतात आणि वर येणारा केशरी फेस कुल्हडात भरून देतात. तोंडात घातल्यावर काही खाल्ले असे वाटतच नाही, फक्त थंड गोड वास जिभेवरून जातो. ऊन चढले की फेस बसतो आणि विक्रेते उठतात. त्याला पिशवी नाहीच, पण दुपारसुद्धा नाही.

आता फजितीकडे येते. कोलकात्याला जाऊन रसगुल्ला न आणणे म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबाला न भेटणे, असे कोणीतरी मला सांगितले आणि मी ऐकले. रसगुल्ल्याचे पितृत्व बंगाल नवीनचंद्र दास यांना आणि 1868 या सालाला देतो. ओडिशा तो जगन्नाथाच्या देवळातला म्हणतो. दोघांनाही आपापल्या रसगुल्ल्याचे भौगोलिक मानांकन मिळाले, बंगालला 2017 मध्ये आणि ओडिशाला 2019 मध्ये, त्यामुळे मी त्या वादात पडत नाही. पिशवीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की नवीनचंद्रांचे चिरंजीव के. सी. दास यांनी रसगुल्ला हवाबंद डब्यात घातला आणि जागेवरच्याला पिशवीतला करून टाकले. शहाण्या माणसाने तो डबा घ्यावा. मी एका दुकानातून मातीच्या हंडीतले ताजे घेतले, कारण हिवाळा होता, हंडी सुंदर होती आणि दुकानदाराने केळीचे पान, कागद व दोरी लावून "काही होणार नाही" असे छातीठोकपणे सांगितले होते.

आझाद हिंद एक्स्प्रेसने हावडा ते पुणे म्हणजे दोन रात्री आणि मधला एक अख्खा दिवस. हंडी बर्थखाली ठेवली. पहिल्या रात्री काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या गृहस्थांनी चपला घालायला पाय खाली सोडले, एक चपल उचलली, दुसरी उचलली जाईना. पाक शांतपणे बर्थखालून निघून वाटेत येणारे सगळे चिकटवत चालला होता. माझी पिशवी, त्यांच्या चपला, कोणाच्या तरी नातवाचे चित्रकलेचे पुस्तक. मी वाकून हंडी ओढली. रसगुल्ले आत होते, बिचारे, पाकाविना एकमेकांवर रेललेले. ते गृहस्थ नागपूरकर होते, म्हणाले, "असू द्या ताई, पण आता हे संपवलेच पाहिजेत ना." मग डब्यातल्या नऊ जणांनी मिळून, कागदी पेल्यांत, अर्धवट कोरडे झालेले ते रसगुल्ले कुठल्याशा स्टेशनच्या बाहेर सिग्नलला थांबलेल्या गाडीत संपवले. पुण्याला मी रिकामी हंडी घेऊन उतरले. तिच्यात आता तुळस आहे. बाबा तेव्हा हयात होते, त्यांनी सगळी हकीकत ऐकून एवढेच विचारले, "गाडीत कसे लागले?" मी म्हटले, फार छान. "मग झालं तर," ते म्हणाले.

हल्ली माझी पिशवी उलट्या दिशेने जाते. मुलगा जर्मनीत असतो. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे ज्या कंदी पेढ्याने आमचे बालपण गोड केले तो विमानतळावर बाद. बाबांच्या वाटणीमागे पाण्याचा नियम होता, त्यात आता दुधाचा नियम मिळाला. उरते ते बाकरवडी, चिक्की, तिळाच्या वड्या, आणि दिवाळीला अनारसे.

अनारसा हा घरातला पिशवीतला पदार्थ. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, चौथ्या दिवशी पंचावर पसरून सावलीत निथळवायचे, पुरते वाळू न देता दमट असतानाच दळायचे, गूळ घालून मळायचे आणि गोळे डब्यात दाबून चार-पाच दिवस विसरून जायचे. एवढे सोपस्कार झालेला अनारसा पंधरा दिवस सहज टिकतो, म्हणून तर अधिक महिन्यात जावयाला 33 अनारशांचे वाण देण्याची हिंमत सासू करते. खसखशीवर थापून तो तुपात सोडताना खसखशीची बाजू वर ठेवायची, उलटायचा नाही, फक्त झाऱ्याने वरून तूप उडवायचे. जाळी सुटत जाते. आणि पीठ जरा सैल झाले असेल, गूळ जरा जास्त पडला असेल, तर जाळी सुटता सुटता सगळा अनारसाच सुटतो आणि कढईभर पसरतो. त्याला आपल्याकडे "अनारसा हसला" म्हणतात. करणारी रडकुंडीला आलेली असते आणि अनारसा हसत असतो.

हसलेले अनारसे डब्यात जात नाहीत. ते झाऱ्याने गोळा करून वाटीत काढायचे आणि ओट्याशी जो उभा असेल त्याने गरम असताना चमच्याने खायचे. तूप, गूळ, मध्येच दाताखाली येणारी खसखस, कुठे कुरकुरीत कड, कुठे मऊ चुरा. मुलगा लहान असताना अनारशांच्या दिवशी ओट्याजवळून हलत नसे. पार्सलमधले अनारसे मिळाले की त्याचा फोन येतो. ते मी त्याच्यासाठी तेलात तळते, उगाच तुपावरून कोणी हटकू नये म्हणून. तेलातला अनारसा कसा लागतो ते मला ठाऊक आहे, पण तो मुकाट्याने छान म्हणतो. एकदा म्हणाला, "आई, सगळे कसे अख्खे पाठवलेस गं. हसलेले नाही का काही?" मी म्हटले, ते कसे पाठवणार. तो म्हणाला, "हो, ते जागेवरचेच." आजोबा गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता. हा शब्द त्याच्याजवळ कधी आणि कसा उतरला, मला माहीत नाही.

गेल्या दिवाळीला तो चार वर्षांनी घरी आला. मी तुपाची कढई ठेवली आणि तो वाटी-चमचा घेऊन, पस्तीस वर्षांचा घोडा, ओट्याला टेकून उभा राहिला. पहिला अनारसा सोडला. जाळी सुरेख सुटली, चाळणीत उभा करून ठेवला. दुसराही तसाच, तिसराही. त्या वर्षी पीठ असे काही जमून आले होते की माझ्या आईने पाहिले असते तर दृष्ट काढली असती. दहा झाले, बारा झाले, एकही हसेना. तो काही बोलत नव्हता, पण चमचा वाटीवर हळूहळू वाजत होता.

तेराव्याच्या आधी मी गॅस बारीक केला, उरलेला गोळा परातीत घेतला आणि त्यात चमचाभर गूळ जास्तीचा किसून घातला.